उपस्थाता : चतुष्पादातील दुर्लक्षित पाद
(परिचारिकांचे सेवाविषयक हक्क आणि आयुर्वेदीय रुग्णालयचालकांचे कर्तव्य)

वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद होत, हे प्रत्येक आयुर्वेद पदवीधर पहिल्याच वर्षी शिकतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद या नवव्या अध्यायात प्रत्येक पादाचे चार गुण सांगून ही षोडशकल चिकित्सा मांडली आहे. वैद्याच्या गुणांवर आपल्या परिषदांतून व्याख्याने होतात. औषधाच्या गुणांवर संशोधन होते, औषधनिर्मात्यांची स्वतंत्र अधिवेशने भरतात. रुग्णाच्या गुणदोषांविषयी तर आपण रोजच बोलत असतो. मात्र उपस्थाता, म्हणजे आजच्या भाषेत परिचारिका, परिचारक, पंचकर्म सहायक, या तिसऱ्या पादाविषयी आपल्या व्यासपीठावर फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात या पादाचा विचार केवळ गुणांच्या अंगाने न करता, ते गुण टिकण्यासाठी मालक या नात्याने वैद्याने काय केले पाहिजे, या अंगाने करावयाचा आहे.

चरकांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. वाग्भटांनी अष्टांगहृदयात थोड्याफार फरकाने तेच सांगितले. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात आणखी बारकाईने विचार केला. परिचारक बलवान असावा, किळस न मानणारा असावा, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा असावा आणि ‘अश्रान्त’ असावा, असे ते म्हणतात. या शेवटच्या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. सलग दोन पाळ्या करून पहाटे चार वाजता औषध देणारी परिचारिका अश्रान्त कशी राहील? गुण व्यक्तीत असतो हे खरे, परंतु तो टिकण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण करणे हे ज्याच्या हाती व्यवस्था आहे त्याचे काम आहे. म्हणून चारही गुणांचा एकेक करून विचार करू.

१. उपचारज्ञता : शिक्षण व नोंदणी

महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ होता. या व्यवस्थेच्या जागी नवी रचना आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला. ए.एन.एम., जी.एन.एम. अथवा बी.एस्सी. नर्सिंग हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून ज्यांची नोंदणी झाली आहे, त्यांनाच परिचारिका म्हणता येते.

प्रत्यक्षात आपल्या अनेक छोट्या रुग्णालयांत सहा महिन्यांचा कोणतातरी वर्ग केलेल्या, अथवा तोही न केलेल्या मुलीस पांढरा कोट देऊन सर्वजण ‘सिस्टर’ म्हणू लागतात. यात तिघांचे नुकसान आहे. रुग्णाचे नुकसान उघड आहे. नोंदणीकृत परिचारिकेच्या शिक्षणाचे मोल कमी होते, हे दुसरे. त्या मुलीवर तिच्या शिक्षणापलीकडची जबाबदारी येते आणि चूक झाली की दोषही तिच्यावरच येतो, हे तिसरे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोत अहलुवालिया हा निकाल प्रत्येक रुग्णालयचालकाने समजून घ्यावा. विषमज्वराच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या बालकास परिचारिकेने लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुसरेच इंजेक्शन शिरेतून दिले. बालकाचे हृदय बंद पडले आणि मेंदूस कायमची इजा झाली. त्या परिचारिकेच्या पात्रतेचा प्रश्न चौकशीत पुढे आला. न्यायालयाने रुग्णालयास जबाबदार धरले आणि बालकाबरोबरच त्याच्या आईवडिलांनाही स्वतंत्र भरपाई देणे मान्य केले. ‘सिस्टरने चूक केली’ हा रुग्णालयाचा बचाव होऊ शकत नाही. अपात्र व्यक्तीस कामावर ठेवणारा आणि कामाची वाटणी करणारा मालकच प्रथम उत्तरदायी ठरतो.

आपल्या क्षेत्रात आणखी एक अडचण आहे. स्नेहन, स्वेदन, बस्ती, शिरोधारा यांचे शिक्षण नेहमीच्या परिचर्या अभ्यासक्रमात पुरेसे नसते. पंचकर्म सहायकास ही कर्मे येतात, परंतु नाडी, रक्तदाब, मूर्च्छेची पूर्वचिन्हे, औषधाची नोंद यांचे शिक्षण नसते. म्हणून दोन्ही पदे वेगळी ठेवावीत, दोघांच्या कामाची लेखी यादी असावी आणि वमन, विरेचन, रक्तमोक्षण यांसारख्या कर्मांच्या वेळी नोंदणीकृत परिचारिका आणि वैद्य दोघेही हजर असावेत. तोंडी आदेश टाळावेत. सारख्या नावांच्या कल्पांची गल्लत होते हे औषधनिर्मात्यांनाही ठाऊक आहे. लेबलवरील नाव ठळक मराठीत आणि मात्रा सहज वाचता येईल अशी छापली, तर परिचारिकेचा मोठा भार हलका होईल.

२. दाक्ष्य : कामाचे तास व मनुष्यबळ

दक्षता ही विश्रांतीवर अवलंबून असते. पदवीनंतर काही वर्षे प्रस्तुत लेखकाने एका खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी केली. आपल्यापैकी अनेकांनी ती केलेली आहे. तेथे बदली परिचारिका आली नाही की संध्याकाळची परिचारिकाच रात्रभर थांबत असे, आणि ही गोष्ट महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून दोनदा घडत असे. जादा पाळीचा वेगळा मोबदला नव्हता. नोकरी सोडावी तर मूळ प्रमाणपत्रे कार्यालयाच्या कपाटात होती. एका ज्येष्ठ परिचारिकेने स्वतःसाठी नियम घालून घेतला होता : पहाटे तीननंतर प्रत्येक कुपीवरील नाव मोठ्याने वाचायचे आणि आम्हाला ऐकवायचे. ती म्हणे, “डॉक्टर, आता माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही.” तिचे दाक्ष्य वादातीत होते. व्यवस्थेने मात्र ते पणाला लावले होते.

येथे साधे गणित मांडू. चोवीस तास एक परिचारिका हजर हवी तर तीन पाळ्यांसाठी तीन परिचारिका पुरतात, असा समज आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या तीन पाळ्या म्हणजे १,०९५ पाळ्या होतात. एका व्यक्तीच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या वजा केल्यास ३१३ उरतात. सणांच्या ८, किरकोळ रजेच्या ८ आणि अर्जित रजेच्या १८ धरल्या तर २७९ दिवस हाती येतात. १,०९५ ला २७९ ने भागल्यास ३.९ येतात. म्हणजे एका जागेसाठी चार परिचारिका लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत ३० टक्के रजा-राखीव मनुष्यबळ धरण्यास सांगितले आहे. तीनावर ३० टक्के म्हणजेही ३.९ च होतात. तीन परिचारिकांवर चोवीस तासांचे रुग्णालय चालते, याचा अर्थ चौथीचे काम या तिघींच्या सुट्ट्यांतून आणि झोपेतून काढले जाते. त्याच निकषांत सामान्य रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ नुसारही पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे हे नोंदणी नाकारण्याचे एक कारण आहे.

कायद्याची बाजू आता अधिक स्पष्ट झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहिता, २०१९ सर्व आस्थापनांना लागू आहे, मग कर्मचारी दोन असोत वा दोनशे. जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन आणि सात दिवसांत एक दिवस विश्रांती ही तत्त्वे तीत आहेत. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अन्वये प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे आवश्यक आहे. महिलांना रात्रपाळी द्यावयाची तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी लागतात.

३. शौच : कर्मचाऱ्याचे स्वतःचे आरोग्य

शौच म्हणजे केवळ परिचारकाने हात धुणे नव्हे. हात धुण्यासाठी पाणी, साबण, हातमोजे आणि वेळ देणे हेही त्यात येते. पंचकर्मगृहातील व्याधी आपण बारकाईने पाहत नाही. अभ्यंगाच्या मेजाची उंची सहायकाच्या उंचीस जुळत नसल्याने कंबरदुखी जडते. तेलकट फरशीवर पाय घसरतो. बाष्पस्वेदाच्या बंद खोलीत दिवसातून सात-आठ रुग्ण घेणाऱ्या सहायकास चक्कर येते. वमनाचे, बस्तीचे मलमूत्र हाताळावे लागते. रक्तमोक्षणात तर थेट रक्ताशी संबंध येतो.

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत, हे अनेकांच्या लक्षात नसते. त्यानुसार कर्मचाऱ्यांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना व नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण देणे, अपघातांची नोंद ठेवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कावीळ-बीच्या लसीच्या तीन मात्रा (पहिली, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) कामावर रुजू झाल्याबरोबर सुरू कराव्यात. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नये. सुई टोचल्यास साबण-पाण्याने धुऊन तात्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही स्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ती जवळ कोठे मिळतात याचा पत्ता व दूरध्वनी भिंतीवर लावून ठेवावा. हा खर्च रुग्णालयाचा असतो, परिचारिकेचा नव्हे.

औषधनिर्मात्यांना हा विचार नवा नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘टी’ अनुसूचीत कामगारांची आरोग्य तपासणी, स्वच्छता व प्रथमोपचार यांची तरतूद आहेच. कारखान्यात जी शिस्त आपण पाळतो, ती आपल्याच पंचकर्म केंद्रात सैल पडू नये.

४. अनुराग : वेतन, सुरक्षितता व सन्मान

रुग्णाविषयी जिव्हाळा विकत घेता येत नाही, परंतु अपुऱ्या वेतनाने आणि अपमानाने तो मारता मात्र येतो.

वेतन : ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची परिचारिकांची संघटना आहे. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यास केंद्र शासनास सांगितले. नेमलेल्या समितीच्या शिफारशी अशा : २०० हून अधिक खाटा असल्यास शासकीय परिचारिकेइतके वेतन. १०० हून अधिक खाटा असल्यास त्याहून फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी दरमहा २०,००० रुपयांहून कमी नाही. या शिफारशी राज्यांकडे अंमलबजावणीसाठी पाठविण्यात आल्या. त्या कायदा नव्हेत, परंतु योग्य वेतन कशाला म्हणावे याचे माप म्हणून त्यांचे महत्त्व आहे. केरळात २०११-१२ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे मोठे संप झाले. अल्प वेतन, बंधपत्रे आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे ही त्यांची कारणे होती. पुढे २०१८ मध्ये तेथील शासनाने परिचारिकांचे किमान मूळ वेतन २०,००० रुपये केले.

“दहा खाटांच्या रुग्णालयास हे परवडत नाही,” हा आपल्या बांधवांचा आक्षेप खोटा नाही. तरी आकडे मांडून पाहावेत. चार परिचारिकांचे प्रत्येकी २०,००० म्हणजे दरमहा ८०,००० रुपये होतात. दहापैकी सरासरी सहा खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे १८० रुग्णदिवस होतात. म्हणजे प्रत्येक रुग्णामागे दिवसाला सुमारे ४४५ रुपये परिचर्येचा खर्च येतो. हा आकार देयकात स्वतंत्रपणे दाखविला तर रुग्णाच्या नातेवाइकांनाही परिचर्येचे मोल कळेल. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांनी चोवीस तास दाखल करून घेण्याऐवजी दिवसा पंचकर्म करून संध्याकाळी रुग्णास घरी पाठविण्याची पद्धत ठेवावी. अर्धवट मनुष्यबळावर पूर्ण रुग्णालय चालविणे हा मात्र काटकसरीचा मार्ग नव्हे. तेथे खर्च कमी होत नाही, फक्त तो परिचारिका आणि रुग्ण यांच्या अंगावर टाकला जातो.

काही तरतुदी थोडक्यात : मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे. नोकरी सोडल्यास अथवा सोडावयास लावल्यास कामाच्या दोन दिवसांत वेतनाचा हिशेब पूर्ण करावा. एकूण मोबदल्यात भत्ते निम्म्याहून अधिक दाखविल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास कर्मचारी राज्य विमा आणि मातृत्व लाभ, तर वीस वा अधिक असल्यास भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा २६ आठवडे आहे. गर्भिणीपरिचर्येवर मासानुमासिक व्याख्याने देणाऱ्या वैद्याने आपल्याच परिचारिकेस सातव्या महिन्यात रात्रपाळी लावणे शोभत नाही. उपदान पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते : मासिक वेतन १५,६०० असेल तर त्यास २६ ने भागून १५ ने गुणावे, म्हणजे प्रत्येक वर्षामागे ९,००० आणि सहा वर्षांचे ५४,००० रुपये होतात. मूळ प्रमाणपत्रे पडताळून त्याच दिवशी परत द्यावीत. ती तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार मालकास नाही.

सुरक्षितता : १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत होत्या, आणि तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. अनुराग या गुणाचे याहून मोठे उदाहरण आपल्या काळात सापडणार नाही. रुग्णालयात परिचारिका सुरक्षित नसते, हेही त्याच घटनेने दाखविले. कपडे बदलण्यासाठी कडी असलेली खोली, रात्री उजेड, ये-जा करण्याची सोय, या गोष्टी चैनीच्या नाहीत.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ मध्ये रुग्णालये व शुश्रूषागृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमावी लागते. तिच्या अध्यक्ष महिला असाव्यात, निम्म्याहून कमी महिला सदस्य नसाव्यात, एक सदस्य बाहेरचा असावा. त्याहून लहान आस्थापनेतील महिलेस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करावयाची असते. आपल्या क्षेत्रात एक विशेष सावधगिरी हवी. अभ्यंगासाठी येणारा प्रत्येक जण रुग्णबुद्धीने येतो असे नाही. पुरुषास पुरुष सहायक आणि स्त्रीस स्त्री सहायिका हा नियम अपवादाविना पाळावा, आणि सहायिकेने गैरवर्तनाची तक्रार केल्यास ‘ग्राहक जाईल’ या भीतीने तिलाच गप्प करू नये.

रुग्णाच्या नातेवाइकांकडून होणारी मारहाण हा वैद्य आणि परिचारिका यांचा समान प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था हिंसाचार प्रतिबंध अधिनियमाने नोंदणीकृत परिचारिकांनाही संरक्षण दिले आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टरवर हात उगारला की आपण एकत्र येतो. परिचारिकेस शिवीगाळ झाली, तर फिर्याद देण्यासाठी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात स्वतः जाणे हेही वैद्याचेच काम आहे.

सन्मान : रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनामार्फत, विधवा भगिनींसह, हिंदू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा हा व्यवसाय समाजात हलका मानला जाई. त्या स्त्रियांनी तो प्रतिष्ठेचा केला. आज रुग्णांसमोर परिचारिकेस एकेरीत बोलावणे, तिला पाणी-चहा आणण्यास अथवा घरकामास पाठविणे, वॉर्डातील मावशींच्या देखत तिचा पाणउतारा करणे, यांतून आपण ती प्रतिष्ठा कमी करीत असतो. तिने औषधाविषयी शंका विचारली तर तो उद्धटपणा समजू नये. ती चतुष्पादातील एका पादाने दुसऱ्यास दिलेली सावधगिरीची सूचना असते.

आचरणासाठी सूची

आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासद रुग्णालयाने वर्षातून एकदा, शक्यतो १२ मे या जागतिक परिचारिका दिनी, पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात, अशी विनंती आहे :

(१) प्रत्येक परिचारिकेची नोंदणी वैध आहे काय? प्रमाणपत्राची फक्त प्रत आपल्याकडे आहे काय?
(२) प्रत्येकीस नियुक्तिपत्र व कामाची लेखी यादी दिली आहे काय?
(३) एका जागेमागे चार माणसे आहेत काय? सलग दोन पाळ्या मागील महिन्यात किती वेळा झाल्या, व त्यांचा दुप्पट मोबदला दिला काय?
(४) वेतन बँकेमार्फत सात तारखेच्या आत जमा होते काय?
(५) कावीळ-बीची लस पूर्ण झाली आहे काय? वार्षिक तपासणी व अपघातनोंदवही आहे काय?
(६) अंतर्गत समिती नेमली असून तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत काय?
(७) कपडे बदलण्यासाठी व विश्रांतीसाठी बंद होणारी खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय?

श्रमसंहितांखालील नियम व किमान वेतनाचे दर वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्यक्ष अंमलबजावणीपूर्वी कामगार कार्यालयाकडे अथवा आपल्या सल्लागाराकडे खात्री करून घ्यावी.

चरकांनी चार पादांत वैद्यास प्रधान मानले आहे. कुंभाराविना माती, दंड, चक्र ही साधने जशी निरुपयोगी, तसे वैद्याविना इतर तीन पाद, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे प्राधान्य मान्य करताना त्यातील जबाबदारीही घ्यावी लागते. माती आणि चाक यांची निगा कुंभारानेच राखायची असते. उपस्थात्याच्या गुणांची अपेक्षा करणाऱ्या वैद्याने त्या गुणांची निगाही आपलीच मानावी.